पहिली फीत

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चढाई करत होती. कंपनीतल्या एका रायफल सेक्शनचा प्रमुख होता माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे. हुद्दा नाईक. मशीनगनचा मारा इतक्या जवळून आला की सेक्शनमधला एकूण एक माणूस पडला, कोणी ठार, कोणी जखमी. उभा राहिला तो फक्त प्रमुख. घाडगे एकटा त्या मशीनगनवर धावला, ग्रेनेड टाकून त्याने ती गन आणि ती चालवणारा माणूस उडवला, आणखी एकाला गोळीने टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे. आपण ही हकिगत सांगतो ती एका शूर मराठ्याची म्हणून, आणि तसं सांगण्यात चूक काहीच नाही. पण या हकिगतीतला ‘नाईक’ हा शब्द आपण नावाला चिकटलेल्या शेपटासारखा उच्चारतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं असं, की सैन्य समजून घ्यायचं तर त्या शब्दापाशीच थांबायला हवं. बाहीवर एक, दोन किंवा तीन फिती असलेला हा माणूस सैन्याचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत हळू तयार होणारा भाग आहे. तोफ विकत घेता येते, अधिकारी अकादमीतून काढता येतो; नाईक मात्र पलटणीतच मुरावा लागतो. आणि सध्या आपण सैन्यभरतीत जे बदल केले आहेत, त्यांचा खरा भार याच थरावर पडणार आहे.

सैन्याबाहेरच्या मराठी माणसाची या हुद्द्यांशी ओळख जरा गमतीची आहे. ‘हवालदार’ म्हटलं की आपल्याला चौकात शिट्टी फुंकणारा किंवा सिनेमात सगळं आटोपल्यावर पोचणारा पोलीस आठवतो, आणि ‘नाईक’ म्हटलं की कोकणातलं, गोव्यातलं एखादं आडनाव. सैन्यातली उतरंड अशी आहे: शिपायाच्या वर लान्स नाईक, त्याला एक फीत, मग नाईक, दोन फिती, मग हवालदार, तीन. रणगाडा रेजिमेंटांनी घोडदळाची भाषा जपली आहे, तिथे लान्स दफादार आणि दफादार म्हणतात. यांच्या वर नायब सुभेदार ते सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, आणि त्यांच्या वर अधिकारी. यातला ‘लान्स’ आला युरोपातून. मोडक्या भाल्याच्या इटालियन नावावरून जुन्या अनुभवी शिपायाला जो शब्द पडला, त्याचा तो तुटका अवशेष. ‘नाईक’ मात्र आपला. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिली गेली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या पायदळाची जी रचना दिली आहे तिच्या तळाशी नाईक आहे: दहाएक पाईकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी. आजचं भारतीय सैन्य सरळ शिवकाळातून उतरलं असा याचा अर्थ नव्हे; मध्ये कंपनी सरकार आणि ब्रिटिश राज येऊन गेलं, आणि त्यांनी हे शब्द आपल्या सोयीने वापरले. तरी आकडा पाहण्यासारखा आहे. आजच्या पायदळाच्या सेक्शनमध्येही दहाच माणसं असतात. रोमन सैन्यातही तंबूत एकत्र राहणारी सर्वांत लहान तुकडी आठ जणांची होती. गोंगाटात एका माणसाचा आवाज जितक्या जणांपर्यंत पोचतो, अंधारात ज्यांची चाल एकाला ओळखता येते, आजारी कोण आणि आळशी कोण हे ज्यांच्याबाबतीत एकाला न विचारता कळतं, ती संख्या आठ-दहाच्या पुढे फारशी जात नाही. बंदूक बदलली, माणूस तेवढाच राहिला.

हा माणूस करतो काय? युद्धाचे दिवस सोडा, ते नोकरीतले फार थोडे असतात. नाईक आणि हवालदार जवानांच्या बॅरकमध्येच राहतात, लंगरात त्यांच्याबरोबरच जेवतात. पहाटेच्या पीटीला कोण लंगडतोय, कोणाच्या रायफलीची नळी नीट साफ नाही, गारदेवर कोणाला लावायचं, कोणाला रात्री संत्री म्हणून उभं करायचं नाही कारण त्याचं डोकं दोन दिवस ठिकाणावर नाही, हे सगळं याच माणसाच्या नजरेतून जातं. घरचा फोन आला, भावकीत बांधावरून वाद पेटला, बायको बाळंत व्हायची आहे, सुट्टीचा अर्ज अडकलाय. ही खबर अधिकाऱ्यापर्यंत पोचते ती आधी नाईकाच्या कानावरून. अधिकारी दोन-तीन वर्षांत दुसरीकडे बदलून जातो, स्टाफची नेमणूक घेतो, कोर्सला जातो. फीतवाला त्याच पलटणीत पंधरा-वीस वर्षं काढतो. म्हणून पलटणीची स्मृती कागदावर कमी आणि या थरात जास्त असते. त्याची अडचणही याच जवळिकीत आहे. काल ज्याच्याशी पत्ते कुटले, ज्याला ‘यार’ म्हणून हाक मारली, त्याला आज बढतीचा केडर कोर्स पास होऊन एक फीत लागल्यावर हुकूम द्यायचा असतो. आणि तो हुकूम मानला जावा, पण मैत्री पूर्ण तुटूही नये, अशी कसरत असते. सुभेदारसाहेबांना वयाचा आणि वेगळ्या मेसचा आडोसा आहे, कप्तानाला खांद्यावरच्या ताऱ्यांचा. लान्स नाईकाला आडोसा नाही. सैन्यातल्या सगळ्या बढत्यांत ही पहिली बढती मला सर्वांत अवघड वाटते, आणि तिच्यावर सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे.

या थराकडे सत्तेने कसं पाहिलं, यावर सैन्याचं बरंच काही ठरतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात याची दोन नमुनेदार उदाहरणं शेजारी-शेजारी होती. बंगालच्या फौजेत बढती सेवाज्येष्ठतेने मिळे. शिपाई रांगेत उभा राही आणि केस पांढरे झाल्यावर नाईक, हवालदार होई. हुशारी दाखवून काही फरक पडत नसे. मुंबईच्या फौजेत गुण पाहून बढती देण्याची पद्धत होती, आणि जातीचे नियमही तिथे कवायतीच्या आड येऊ दिले जात नसत. सिंधमधल्या घोडदळाचा प्रमुख जॉन जेकब हा मुंबई फौजेचा माणूस. बंगालच्या सेवाज्येष्ठतेवर त्याने १८५७ च्या आधीच सडकून टीका केली होती, की अशा फौजेत म्हाताऱ्या नाईक-हवालदारांना आपल्या माणसांवर पकड राहत नाही. १८५७ मध्ये बंगालची फौज बहुतांशी उठली. मुंबईच्या फौजेत उठाव तुरळक झाले, कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीचा त्यांतला ठळक. या फरकाचं श्रेय एकट्या बढतीच्या नियमाला देणं भाबडेपणाचं होईल. अवधचं विलीनीकरण, भरतीचा प्रदेश, धर्माची भीती, अशी कारणं बरीच होती. शिवाय जेकबला हवी होती ती इंग्रजांची पकड, हेही विसरू नये. तरी त्याचं निदान तांत्रिक दृष्ट्या खरं होतं. खालच्या थराला वाव नसला की हुकूम वरून निघतो आणि मध्येच कुठेतरी विरतो.

राज्याची सूत्रं राणीकडे गेल्यावर हा प्रश्न सुटला नाही, फक्त झाकला गेला. हिंदी शिपाई चढत-चढत सुभेदार मेजर झाला तरी नुकताच आलेला कोवळा इंग्रज अधिकारी त्याच्यावर असे. रचना अशी, की विचार वर व्हावा आणि खाली आज्ञापालन. १९१४ साली फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत हिंदी पलटणी उतरल्या तेव्हा ही रचना काही आठवड्यांत उघडी पडली. प्रत्येक पलटणीत इंग्रज अधिकारी जेमतेम डझनभर; ते पडले की पुढे काय, अशी चिंता इंग्रज सेनानींनाच लागली. प्रत्यक्षात काय घडलं याची साक्ष त्यांनी स्वतःच दिलेली पदकं देतात. ३१ ऑक्टोबरला होलेबेकपाशी अधिकारी जखमी झाला, दुसरी मशीनगन बंद पडली, गनवरचे सोबती मेले, तरी शिपाई खुदादाद खान आपली गन चालवत राहिला. नोव्हेंबरात फेस्तुबेअरजवळ खंदक परत घेताना गढवाल रायफल्सचा नाईक दरवान सिंह नेगी डोक्याला आणि हाताला जखमा झालेल्या असूनही प्रत्येक वळणावर पहिल्या काहींत घुसत राहिला. खंदकाच्या वळणापलीकडे काय आहे हे पाठीमागच्या कर्नलला दिसत नाही. ते पहिल्या वळणावरच्या माणसालाच ठरवावं लागतं. ज्यांनी ठरवू नये म्हणून व्यवस्था बांधली होती त्यांनी ते ठरवलं, आणि व्यवस्थेने त्यांना पदक देऊन पुन्हा होतं तिथेच उभं केलं.

याची दुसरी बाजू मुंबईत दिसली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल प्रशिक्षण तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि कमांडिंग अधिकाऱ्याच्या अपमानास्पद भाषेविरुद्ध संप पुकारला, आणि दोन-तीन दिवसांत तो कराचीपर्यंत पसरला. त्याचं नेतृत्व करणाऱ्या मध्यवर्ती संप समितीचा अध्यक्ष होता एम. एस. खान, हुद्दा लीडिंग सिग्नलमन. उपाध्यक्ष मदन सिंग, हुद्दा पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. लीडिंग हा नौदलातला हुद्दा म्हणजे पायदळातला नाईकच. तेव्हा ‘खालच्या थराला अधिकार देणं धोक्याचं’ असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण हाताशी असतं. पण नीट पाहिलं तर ते उलटंच सांगतं. या माणसांनी काही दिवसांत समिती निवडली, मागण्या लिहून काढल्या, जहाजाजहाजांत निरोप पोचवले, आणि वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला शरणागती पत्करण्याचा कडू निर्णयही आपल्या माणसांच्या गळी उतरवला. हे कौशल्य त्यांच्यात होतंच. नौदलाने ते सिग्नलच्या तारांपलीकडे कधी ओळखलं नाही. नेतृत्व दाबून नाहीसं होत नाही, ते वाट बदलतं.

स्वतंत्र भारताला ही चौकट जवळजवळ जशीच्या तशी मिळाली, आणि पहिल्याच युद्धात तिच्या तळाची परीक्षा झाली. ६ फेब्रुवारी १९४८, नौशेराजवळचं तैंधार. राजपूत रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनची दोन नंबरची चौकी, तिच्यातल्या नऊ जणांच्या एका ठाण्यावर नाईक जदुनाथ सिंह. पहिला हल्ला त्याने परतवला, चौघे जखमी झाले. दुसऱ्या हल्ल्यापर्यंत सगळेच घायाळ होते. जखमी हलक्या मशीनगनवाल्याच्या जागी तो स्वतः बसला. तिसऱ्या वेळी लढायला कोणी उरलं नव्हतं, तेव्हा तो एकटा बाहेर पडून हल्लेखोरांवर धावला आणि मारला गेला. पण हल्ला मोडला आणि नौशेरा वाचलं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तिथवालच्या आघाडीवर शीख रेजिमेंटचा लान्स नाईक करम सिंह याने पुढच्या चौकीवरून एकामागून एक आठ हल्ले सोसले, स्वतः जखमी असताना जखमी सोबत्यांना मागे आणलं, आणि मागे जायला नकार दिला. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं. आजवर दिल्या गेलेल्या एकवीस परमवीर चक्रांची हुद्द्यांनुसार मोजणी करून पाहण्यासारखी आहे: बारा अधिकारी, दोन जेसीओ, फितीवाले पाच आणि फीत नसलेले जवान दोन. पण यात एक आतली गोष्ट लपते. बारा अधिकाऱ्यांतले रामा राघोबा राणे हे कारवारकडचे. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे भरती झाले, ब्रह्मदेशच्या लढाईत हवालदार झाले, आणि अधिकारी म्हणून नेमणूक मिळाल्यावर चारच महिन्यांनी नौशेरा ते राजौरीचा सुरुंग पेरलेला रस्ता त्यांनी रणगाड्यांसाठी मोकळा केला. दोन्ही जेसीओ, जोगिंदर सिंह आणि बाणा सिंह, शिपायापासूनच चढलेले. म्हणजे एकवीसपैकी निदान आठ जणांच्या बाहीवर कधी ना कधी फीत होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शौर्याला हुद्दा लागत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा नगर जिल्ह्यातला नामदेव जाधव साधा शिपाई होता, कंपनीचा निरोप्या. आपल्या छोट्या तुकडीतले सगळे पडल्यावर त्याने दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं, एकट्याने तीन मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली, आणि बांधावर उभं राहून रणघोष देत बाकीच्या कंपन्यांना हाताने बोलावून घेतलं. कारगिलचे दोन परमवीर, योगेंद्र सिंह यादव आणि संजय कुमार, यांच्याही बाहीवर तेव्हा फीत नव्हती. मग फितीत असं काय आहे? याचं उत्तर मला अब्दुल हमीदमध्ये सापडतं. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या ऊसशेतांतून पॅटन रणगाडे आले तेव्हा ४ ग्रेनेडियर्सचा हमीद कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होता, म्हणजे सामान, शिधा, कपडे यांचा हिशेब ठेवणारा. पण त्याआधी पाच वर्षं त्याने रणगाडाविरोधी तुकडीत काढली होती आणि १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस गनवर पलटणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गरज पडली तेव्हा त्याला कोठारातून काढून जीपवरच्या गनपाशी बसवलं. त्याने रणगाडे फोडले ते धैर्यावर, यात वाद नाही. पण किती जवळ येऊ द्यायचा, गोळा सुटल्यावर जीप कुठे हलवायची, हे त्याला पाच वर्षांच्या सरावाने माहीत होतं. पदक एका क्षणाला मिळतं. फीत अशा शेकडो क्षणांची पूर्वतयारी असते, ज्यांतले बहुतेक कधी येतच नाहीत. नामदेव जाधवने जे केलं ते कोणाकडून तरी शिकूनच केलं, आणि रंगरुटाला शिकवणारा, ज्याला सैन्यात ‘उस्ताद’ म्हणतात, तो बहुधा नाईक किंवा हवालदारच असतो.

बाहेरच्या सैन्यांकडे पाहिलं तर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला फक्त एक लाखाचं सैन्य ठेवू दिलं, आणि राखीव फौज गुपचूप तयार होऊ नये म्हणून शिपायाने बारा वर्षं नोकरी केलीच पाहिजे अशी अट घातली. दोस्तांना वाटलं, यांचे पंख छाटले. जनरल फॉन झेक्टने त्या बारा वर्षांचा उपयोग प्रत्येकाला त्याच्या वरच्या हुद्द्याचं काम शिकवण्यासाठी केला. १९३५ नंतर सैन्य फुगवायची वेळ आली तेव्हा तुकड्या चालवणारी माणसं तयार होती. ज्या कामासाठी ती वापरली गेली ते जगाने पाहिलं आणि भोगलं, पण आपला मुद्दा घडणीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्स आणि जानोविट्झ या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी, पराभव दिसत असतानाही जर्मन तुकड्या इतक्या उशिरापर्यंत का टिकल्या, याचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. विचारसरणीपेक्षा आपला लहान गट आणि त्याचे जवळचे नेते यांच्यावरचा विश्वास जास्त मोलाचा ठरला, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट उदाहरण सोव्हिएत परंपरेचं. तिथे सक्तीच्या भरतीतल्याच एखाद्या पोराला काही महिन्यांत सार्जंट करत. खरं काम अधिकारी करत आणि बॅरकमध्ये जुने शिपाई नव्यांना छळत. रशियाने पुढे करारावरचे सार्जंट आणले, पण २०२२ मध्ये युक्रेनवर स्वारी केल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्यांचे अनेक जनरल आघाडीवर मारले गेले. कारणं अनेक होती, त्यांतलं एक बऱ्याच अभ्यासकांनी दाखवलं: खाली निर्णय घेणारं कोणी नसलं की वरच्याला स्वतः खड्ड्यापर्यंत यावं लागतं.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: भारतीय अधिकारी पुढे राहून लढतो आणि त्याच्या हाताखाली अनुभवी जेसीओ असतो, मग नाईकाने डोकं चालवायची गरज काय? अधिकारी पुढे राहतो हे खरं आहे आणि त्याबद्दल आदर हवाच. पण याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. लेफ्टनंट आणि कॅप्टन हुद्द्याच्या पोरांना सेक्शनच्या कामाला जावं लागतं याचं एक कारण असंही असतं, की ते काम सेक्शनवर सोडायला व्यवस्था कचरते. त्यातून वर्षानुवर्षं सैन्यात काही हजार अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या आहेत, हे संसदेतल्या उत्तरांतूनच येत असतं. जेसीओ ही व्यवस्था मुळात इंग्रज अधिकारी आणि हिंदी शिपाई यांच्यातला दुभाष्या म्हणून आली. भाषेची ती दरी केव्हाच मिटली, थर राहिला, आणि नाईकाच्या वाट्याचा बराच निर्णय त्या थराने उचलला. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये कर्नल संतोष बाबू पडले तेव्हा अंधारात, दरीत, बर्फाळ पाण्यात लढाई घोळक्या-घोळक्यांत विभागली गेली. तिथे कोणाचा हुकूम कोणापर्यंत पोचणार होता? त्या रात्रीच्या वीर चक्रांत नायब सुभेदार, हवालदार, शिपाई आहेत, आणि एक नाईक दीपक सिंह, जो १६ बिहारबरोबर असलेला वैद्यकीय मदतनीस होता आणि ज्याने स्वतः घायाळ असताना तीसहून जास्त जवानांवर उपचार केले. योजना अधिकाऱ्याची असते. ती मोडल्यानंतरचा पहिला तास नाईकाचा असतो.

तंत्रज्ञानामुळे हा माणूस कालबाह्य होईल, असंही अलीकडे ऐकू येतं: ड्रोन वरून पाहतं, पडद्यावर ब्रिगेडियरला सगळं दिसतं, मग खालच्याने फक्त सांगितलं ते करावं. अनुभव याच्या विरुद्ध आहे. आकाशातून दिसणाऱ्या रणभूमीवर मोठा जमाव म्हणजे सोपं लक्ष्य, म्हणून तुकड्या आणखी लहान होतात, आणखी पसरतात, आणि प्रत्येक लहान तुकडीला तिचा माणूस लागतो. शिवाय पडद्यावर दिसतं म्हणून वरून लुडबुड करण्याचा मोह हा नवा रोग आहे. अमेरिकी मरीन कोअरचे तेव्हाचे प्रमुख जनरल क्रुलॅक यांनी १९९९ मध्ये एका लेखात ‘व्यूहात्मक कॉर्पोरल’ अशी कल्पना मांडली. एकाच शहरात एका गल्लीत मदतवाटप, दुसऱ्या गल्लीत दोन टोळ्यांना वेगळं ठेवणं आणि तिसऱ्या गल्लीत लढाई, असं चालू असताना कॉर्पोरलने घेतलेल्या एका निर्णयाचे पडसाद थेट राजधानीत उमटू शकतात. काश्मीरच्या नाक्यावर गाडी थांबली नाही तेव्हा गोळी झाडायची की नाही, हे ठरवायला नाईकाजवळ दोन-तीन सेकंद असतात. ती गोळी चुकली तर त्याच्यावर चौकशी बसते आणि देशाची मान खाली जाते. ती न झाडल्याने घात झाला तर सोबती जातात. अशा माणसाला, दहावीवर भरती झाल्यानंतर, आपण नक्की काय शिकवतो? बेळगावच्या ज्युनियर लीडर्स विंगमधला कमांडो कोर्स नामांकित आहे, आणि त्यात नाईक-हवालदारही जातात. पण पलटणीतल्या सर्वसाधारण नाईकाच्या बढतीच्या तयारीत कवायत, शस्त्र आणि नकाशा यांना जेवढं वजन आहे तेवढं कायदा, स्थानिक भाषा आणि संयम यांना असायला हवं. मला ही उणीव ड्रोनच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

आता भरतीकडे. १४ जून २०२२ रोजी सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांना, पहिल्या वर्षी अपवाद म्हणून तेवीसपर्यंत, चार वर्षांसाठी घ्यायचं. चारात प्रशिक्षण धरलेलं. शेवटी जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करायचं. त्याआधी कोविडमुळे जवळपास दोन वर्षं भरतीच झाली नव्हती. पेन्शन, रोजगार, गावाकडच्या पोरांचं भवितव्य यांवर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथून पहिल्या महायुद्धातच ४६ माणसं परतली नाहीत, हा प्रश्न घराघरातला आहे. पण नाईकाच्या बाजूने कोणी फारसं बोललं नाही. हिशेब साधा आहे. दोन वर्षं शिपाई आलाच नाही, म्हणजे काही वर्षांनी नाईक होणाऱ्यांची एक तुकडी जन्मालाच आली नाही. पुढे जे आले त्यांतल्या चारातल्या एकातूनच लान्स नाईक, नाईक, हवालदार निवडायचे. पूर्वी नाईकाची निवड अनेकांना अनेक वर्षं पाहून होई. आता ती गाळणी आधीच लागणार, आणि तीही अशा वयात, जेव्हा पोरगा स्वतःला जेमतेम ओळखू लागलेला असतो. शिवाय ज्या सेक्शनमध्ये बहुसंख्य जण चार वर्षांत जाणारे आहेत, तिथल्या नाईकाला दरवर्षी नव्याने ओळख करून घ्यायची. आणि त्याच्या हाताखालचे आपसांत स्पर्धक, कारण कायम होणार ते थोडेच.

योजनेच्या बाजूचे मुद्देही वजनदार आहेत. सैन्याचं सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली येईल हे सरकारने सांगितलं, आणि अठरा हजार फुटांवर ओझं घेऊन चढायला बावीस वर्षांचं फुप्फुस पस्तिशीच्या फुप्फुसापेक्षा बरं, हे कोणीही मान्य करेल. निवडून उरलेले पंचवीस टक्के सरासरीपेक्षा सरस असतील, ही अपेक्षाही खोटी नाही. आणि सर्वांत टोकदार प्रश्न असा: अमेरिकेत, ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत पोरं कॉर्पोरल होतातच की, मग आपल्यालाच दहा-बारा वर्षं कशाला लागतात? माझ्या मते इथे आपल्या जुन्या पद्धतीचीही उलटतपासणी व्हायला हवी. आपल्याकडे वेळ लागत होता तो काही अंशी घडणीसाठी आणि काही अंशी नुसता रांगेत उभं राहण्यासाठी. बंगालच्या फौजेची ती सावली पूर्ण गेलेली नाही. पण अमेरिकेत लवकर फीत देतात ती मोकळ्या हाताने. सार्जंट होण्याआधी नेतृत्वाचा सक्तीचा कोर्स असतो, चांगलं काम करणाऱ्याला नोकरी पुढे वाढवायची वाट खुली असते, आणि कॉर्पोरलने घेतलेला निर्णय सहसा कप्तान बदलत नाही. आपण वेळ त्यांच्याइतका कमी केला; प्रशिक्षण आणि अधिकार मात्र आपलेच जुने ठेवले. वेळ कापायचा असेल तर त्याची भरपाई या दोन गोष्टींनी करावी लागते, आणि दोन्ही महाग आहेत: पहिलीला पैसा लागतो, दुसरीला वरच्यांचा अहंकार.

तेव्हा मागणी मोठी नाही. तिसऱ्या वर्षी प्रत्येक अग्निवीराला चार-पाच माणसांचं काम खरोखर चालवायला द्यावं आणि ते कसं चालवलं हे नोंदवावं. कोणाला कायम करायचं हे ठरवताना धावण्याच्या वेळा आणि गोळीबाराच्या गुणांबरोबर त्याच्या सेक्शनच्या नाईकाचं लेखी मत मागावं आणि त्याला खरं वजन द्यावं, कारण तो पोरगा रात्री दोन वाजता कसा वागतो हे दुसऱ्या कोणाला माहीत नसतं. आणि सध्या फितीवर असलेल्या, जुन्या भरतीतून आलेल्या नाईक-हवालदारांना ज्यांची इच्छा असेल त्यांना आणखी काही वर्षं थांबवून घ्यावं, म्हणजे नव्यांना मुरायला हंडी राहील. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ संपता-संपता पूर्ण होत आहेत. त्यांच्यातले जे राहतील, त्यांच्या बाहीवर पहिली फीत चढायला त्यानंतरही काही वर्षं जातील.